अळणी बरणी

शुक्रवार, १७ सप्टेंबर

एका बरणी मकदूसचा, म्हणजे तेलात मुरवलेल्या भरल्या वांग्यांचा, खरा खर्च लिहून ठेवतो. वांगी बोटभर लांबीची, ढिगातून हातानं निवडलेली, त्यापायी भाजीवाल्याची बोलणी खाल्ली. अक्रोड फोडलेला घेतला तर खवट निघतो म्हणून घरी फोडला, त्यात डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. लाल मिरची गच्चीवर वाळत घातली, तर आमच्या होम्स शहराच्या वाऱ्यानं अर्धी शेजाऱ्यांना वाटून टाकली. तेल जैतुनाचं, पहिल्या घाण्याचं. निम्मा खर्च त्या एकट्याचा. रबरी कड्याच्या नव्या बरण्या दमास्कसहून मागवल्या. सासूबाईंशी भांडण झालं ते वेगळंच. मीठ जवळजवळ फुकट, कारण चिमूटभरच घातलं.

हा सगळा खटाटोप बायकोसाठी, विसालसाठी. उन्हाळ्यात डॉक्टरांनी तिचं मीठ तोडलं. रक्तदाब फार वर गेलाय, म्हणाले. चीज गेलं, जैतून गेले, लोणची गेली. तिनं एका शब्दानं तक्रार केली नाही. पण आमच्या घरात मकदूसशिवाय सकाळ होत नाही, आणि गेले दोन महिने मी माझ्या वाटीतलं वांगं भाकरीत दाबतो तेव्हा ती खिडकीबाहेर बघते. बाहेर बघण्यासारखं काही नाही. समोर भिंत आहे.

म्हणून मी ठरवलं, तिच्यासाठी अळणी मकदूस करायचं.

सासूबाई, हज्जा बद्रिया, आमच्याकडेच राहतात. त्यांची रीत म्हणजे दगडावरची रेघ: वांगी उकडायची, पोटाला चीर देऊन खडेमीठ भरायचं, धोंड्याखाली दाबून सगळं पाणी काढायचं, मगच अक्रोड-मिरची-लसूण भरून तेलात बुडवायची. झाकण सैल, खाली ताटली, कारण मकदूस फसफसतं आणि तेल ओकतं. मी मीठ जवळपास वगळलं, त्यामुळे पाणी फारसं सुटलं नाही, मग धोंडाही लवकर काढला आणि झाकणं घट्ट आवळली. हज्जा दारात उभ्या राहून बघत होत्या.

"मीठ नाही, तर ते मकदूस नव्हे. उकडलेलं प्रेत आहे ते," म्हणाल्या.

मी म्हटलं, हज्जा, जग पुढं गेलं. हवा आत शिरली नाही की काही बिघडत नाही.

"तू आपलं फलाफल तळ, रातिब. वांग्याला अक्कल शिकवू नकोस."

तळतोच आहे. बाब हूदच्या नाक्यावर डोक्यावर परात घेऊन फिरलो तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं; आज तिथंच माझ्या नावाची पाटी आहे. नव्या सुना मला विचारायला येतात की सोपं, चटकन होणारं, पाहुण्यांपुढं ठेवण्यासारखं काय करू. सगळ्यांना मी आधी एकच सांगतो: स्वतः चाखल्याशिवाय दुसऱ्याच्या ताटात वाढू नका. माझ्या हातून आजवर एक घास न चाखता गेलेला नाही. हवं तर दुकानाच्या पाटीवर लिहीन.

बुधवार, २२ सप्टेंबर

आज बुधवार, म्हणजे होम्सवाल्यांच्या वेडेपणाचा वार, म्हणजे वरच्या मजल्यावरचे फाएझ मास्तर दुकानात येणारच. जन्मभर पोरांना भूगोल शिकवला, बायको वारली, मुलगा शेजारच्या हमा शहरात. मास्तर स्वतःही हमाचेच, त्यामुळे आम्हाला हसणं हा त्यांचा जन्मसिद्ध हक्क. आजचा विनोद: होम्सच्या माणसानं बर्फाची लादी घेतली आणि तासाभरात दुकानदाराकडे परत आणली, म्हणे गळकी दिलीस.

मी म्हटलं, मास्तर, तुमच्या हमाचे रहाट रात्रंदिवस रडतात, त्यांचं आधी बघा.

अळणी मकदूसचं त्यांच्या कानावर गेलंच होतं. त्यांचंही मीठ बंद आहे. एक बरणी मलाही ठेव, म्हणाले, माझ्या जिभेवर गवत उगवायची वेळ आली. एक नाही, अर्धी देतो म्हटलं, आधी घरच्यांचा मान. मग डोक्यात आलं, या गल्लीत रक्तदाबाचे किती जण निघतील! हे जमलं तर छापील कागद चिकटवून दुकानात ठेवावं. 'रातिबचं हलकं मकदूस.' गल्लीतल्या पोरांच्या छापखान्यात विचारून आलो.

दुपारी एक नवी सून आली होती. तिचे चीजचे सांबुसक तळताना फुटतात. मी तिला कढईकडे पाठ करून उभं केलं आणि म्हटलं, बघू नकोस, ऐक. सांबुसक टाकला की तेल भांडतं, मग कुजबुजतं, आणि कुजबुज थांबायच्या आत काढायचा. तिला पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्या घाण्याला जमलं. माझे कान मोठे आहेत असं विसाल म्हणते. त्यांनीच मला जेवू घातलंय.

बरण्या न्हाणीघराच्या बंबावरच्या फळीवर ठेवल्यात. उबेत लवकर मुरतील.

शनिवार, ९ ऑक्टोबर

बरणी उघडली.

झाकण फिरवताच आतून फुस्स झालं. विसाल दचकली. मी म्हटलं, ऐकलंस? जिवंत आहे ते. हज्जांच्या बरण्या ओकतात, माझी बोलते.

तिनं दोन खाल्ली. आधी वांग्याचा देठ धरून बोटांत फिरवलं, मग भाकरीवर ठेवलं, मग डोळे मिटून घास घेतला. किती महिन्यांनी तिला तसं खाताना पाहिलं. लसूण जरा पुढं गेलाय का, असं विचारलं तिनं. मी म्हटलं, मीठ नसलं की लसूण बोलतो. "खरंय," म्हणाली, "पण तुमच्या हातचं आहे, अबू हैसम. मला चालतं." हैसम आमचा मुलगा, शारजाला असतो.

मी गेल्या वर्षीच्या बरणीतली खाल्ली, तळाला चारच उरली होती, कुणीतरी संपवायलाच हवीत. आणि खरं सांगायचं तर, अळणी वांगं माझ्या घशाखाली उतरत नाही. पण तिच्यासमोर मान हलवून वाहवा केली. एकाच ताटात जेवणाऱ्या नवराबायकोत एवढं खोटं चालतं.

हज्जांनी बरणीच्या तोंडाशी नाक नेलं आणि ताट दूर सरकवलं. मला दात नाहीत, म्हणाल्या. काल त्यांनी अक्रोड चावला होता.

मास्तरांसाठी मोठी वाटी भरून, वर तेल ओतून, निळ्या बशीत ठेवून विसालनंच वर नेली. परत येऊन सांगितलं, मास्तर म्हणाले बशी आता अडकली, रिकामी परत करायची नाही, काहीतरी शोधतो. या गल्लीत बशी रिकामी परत आली तर ती शिवी समजतात. हमाचा माणूसही तेवढं शिकलाय.

सोमवार, ११ ऑक्टोबर

विसालला सारखी तहान लागते. तोंड वाळवंट झालंय म्हणते. सकाळी मला म्हणाली, मला तुम्ही दोन दिसता. मी म्हटलं, एकाला घेऊन तीस वर्षं तक्रार केलीस, आता देवानं दुसरा धाडला. हसली, पण हसणं एका बाजूनंच आलं. चष्मा जुना झालाय, आठवड्यात नेतो म्हटलं.

काही गिळवत नाही, घशात अडतं असं सांगत होती. मी म्हटलं, मग मकदूसच घे, तेलानं आपोआप उतरेल. एक खाल्लं तिनं. मी समोर बसून भरवलं.

वर मास्तर सामान हलवतायत वाटतं. दुपारभर पाय ओढल्याचा आवाज. एकदा काहीतरी पडलं. मुलगा येणार असेल, पाहुण्यांसाठी पलंग सरकवत असतील. माझ्या छताला भेग पडली की सांगतो त्यांना.

मंगळवार, १२ ऑक्टोबर

सकाळपासून मास्तरांचा रेडिओ. बातम्या, गाणी, पुन्हा बातम्या, आवाज कमी करायचं नाव नाही. घरात बायको आजारी आणि वर हा उत्सव.

विसालच्या पापण्या खाली आल्यात. मला वाटलं रडून सुजल्या. हैसमचा फोन दहा दिवस आला नाही, तेच कारण असणार; आया असं सांगत नाहीत. मी शारजाला फोन लावून त्याला फैलावर घेतलं, आईशी बोल म्हटलं. ती बोलली. जीभ जड, जणू तोंडात गरम घास आहे. पलीकडून पोरगा विचारतो, बाबा, आई झोपेत आहे का? हो म्हटलं.

हज्जा म्हणाल्या दृष्ट आहे. शिसं वितळवून तिच्या डोक्यावर धरलेल्या पाण्यात ओतलं. ते चरचरून थिजलं, त्याचा आकार हज्जांनी दिव्याखाली धरून बघितला. काय दिसलं विचारलं तर म्हणाल्या, उद्या दवाखान्यात ने. हज्जांनी दवाखान्याचं नाव काढलं, तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो.

संध्याकाळी रेडिओ सहन होईना. झाडूच्या दांड्यानं छताला ठोकलं. वरून अगदी बारीक, तशीच ठकठक आली. रेडिओ चालूच. म्हणजे मला वेडावतायत. हमाचा माणूस शेवटी हमाचाच.

बुधवार, १३ ऑक्टोबर

पायऱ्या उतरताना तिची मान सरळ राहीना. टॅक्सीत माझ्या खांद्यावर टेकवली. तिला सगळं कळत होतं. हात धरला तर बोटांनी उत्तर द्यायची, पण जोर नव्हता.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण आहे, रुला नाव तिचं. मला काका म्हणते. रक्तदाब ऐकून आधी मेंदूकडेच वळली. यंत्रात घालून डोक्याचे फोटो काढले. ते स्वच्छ निघाले. मग ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि खाण्याबद्दल खोदून विचारू लागली: बाहेरचं काही, डब्यातलं काही, घरी साठवलेलं काही, आणि तिच्याबरोबर तेच आणखी कुणी खाल्लं का.

मला ते लागलं. तीस वर्षं खाऊ घालणाऱ्या माणसाला हा प्रश्न! मी म्हटलं, "मुली, आम्ही दोघं एकाच ताटात जेवतो. माझ्या घरातला प्रत्येक घास आधी माझ्या जिभेवरून जातो. आणि मी हा असा, खांबासारखा उभा आहे तुझ्यासमोर."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांपुढं बोट फिरवलं, हात दाबायला लावला. मग म्हणाली, ठीक आहे काका, मग खाण्याचं बाजूला ठेवते. नसांचा एक आजार आहे, त्याच्या तपासण्या लावते.

विसाल खाटेवरून आमच्याकडे बघत होती. काहीतरी म्हणायचं होतं तिला. मी कान तिच्या तोंडाशी नेला. माझे हे कान. नुसती हवा आली.

गुरुवार, १४ ऑक्टोबर

पहाटे श्वास कमी पडला. घशात नळी घालून यंत्राला जोडलीय. यंत्राचा आवाज मला पाठ झाला: घेतं, थांबतं, सोडतं. थांबतं तेव्हा मीही थांबतो.

तिचे कपडे न्यायला दुपारी घरी आलो. जिन्यात रेडिओ ऐकू आला. अजून तोच. हज्जा खालच्या पायरीवर बसून होत्या. म्हणाल्या, वरचा माणूस दिसला नाही. मी म्हटलं, रेडिओ चालू टाकून हमाला गेला असेल मुलाकडे, वीज सरकारची आहे ना. आणि चार शिव्या घालायच्या तयारीनं वर गेलो.

दार नुसतं लोटलेलं होतं.

मास्तर जमिनीवर होते, खाटेला पाठ टेकून. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, अगदी विसालच्या आहेत तशा. शरीर गार. उजव्या हाताशी काठी पडली होती, आणि काठीच्या टोकाजवळ फरशीवर खडूसारखे बारीक ओरखडे. ते माझ्या छताच्या बरोबर वर येतात.

मेजावर माझी वाटी. तळाला तेल, तेलात भाकरीचा तुकडा. शेजारी निळी बशी, घासून पुसून, तिच्यात नासपतीसारखी चार पिवळी सफरजलं, वरून रुमालाची गाठ. परत द्यायला तयार.

रेडिओ मी बंद केला. मग पुन्हा लावला. ती शांतता ऐकवेना.

शुक्रवार, १५ ऑक्टोबर

मास्तरांचा मुलगा आला आणि वडिलांना हमाला घेऊन गेला. म्हातारं हृदय होतं, म्हणाला. माझे हात धरून आभार मानले, तुम्ही होतात म्हणून त्यांना एकटं वाटलं नाही. मी सफरजलं त्याच्या गाडीत ठेवली. बशी माझ्याकडे राहिली.

हज्जा दिवसभर स्वयंपाकघरात बसल्या होत्या, समोर ती बरणी. मी आत गेलो तेव्हा माझ्याकडे न बघता बोलल्या.

"तो आणि ती. दोन घरं, दोन मजले. दोघांच्या पोटात एकच बरणी, रातिब."

मी म्हटलं, हज्जा, योगायोग असतो.

"असतो. बरणी उचल आणि त्या पोरीला दाखव."

उचलली. तिच्यातून अजून लसणाचा वास येत होता, आणि त्याच्या खाली दुसरा एक. तो मला आज पहिल्यांदा आला.

डॉक्टर रुलानं झाकण उघडू दिलं नाही. किती मीठ, किती दिवस दाबली, झाकण कसं, ठेवली कुठं, एकेक विचारलं. मी एकेक सांगितलं. तिचा चेहरा वाचायला कान लागत नव्हते. म्हणाली, हवा न लागता, मीठ-आंबटपणा नसताना, उबेत, तेलाखाली: एक विष असंच वाढतं, काका. ते नसा झोपवतं. डोळ्यांपासून सुरू होतं आणि खाली उतरतं. त्यावर औषध आहे, पण ते जेवढं लवकर तेवढं खरं. बुधवारीच कळलं असतं तर... तिनं वाक्य तिथंच सोडलं आणि फोन उचलला. दमास्कसमध्ये नव्हतं. बैरुतमध्ये निघालं.

फोन ठेवून ती पुन्हा माझ्याकडे वळली. तुम्हीही तेच खाल्लंत, मग तुम्हाला काही कसं नाही?

मी म्हटलं, तळणाऱ्याचं पोट लोखंडाचं असतं.

शनिवार, १६ ऑक्टोबर

बैरुतहून माणूस बर्फाच्या पेटीत औषध घेऊन आला. सीमेवर अडकला होता. दोनच कुप्या मिळाल्या.

डॉक्टर रुलानं एक विसालला दिली. मी काचेबाहेरून बघत होतो. थेंब थेंब उतरताना वाटलं, आता उठून बसेल. डॉक्टरनं आधीच सांगून ठेवलं होतं: हे औषध विष जिथं आहे तिथं थांबवतं, झोपलेल्या नसा उठवत नाही. त्या उठल्या तर स्वतः उठतील, महिने लागतील, तोवर यंत्र. तिची तब्येत, तिचं वय, गेलेला वेळ. बाकी देवाची मर्जी.

दुसरी कुपी पेटीतच ठेवली. मी विचारलं, हीसुद्धा का देत नाही? म्हणाली, विष किती गेलंय कुणास ठाऊक, दिली असती तर बरं झालं असतं. पण ती तुमच्यासाठी राखलीय. तुम्ही एकाच ताटातलं खाल्लंय. तुम्हाला उशिरा चढू शकतं, आठवडाभरानंही. दोघांचा जीव मला एकीकडे टाकता येत नाही.

हज्जा माझ्या शेजारी बाकावर होत्या. बरणी उघडली त्या सकाळच्या न्याहारीला त्याही समोरच बसल्या होत्या, माझी वाटी कुठल्या बरणीतून भरली ते त्यांनी पाहिलं होतं. विसालनंही पाहिलं असणार. काचेपलीकडून तिची उजवी पापणी अर्धी उघडी होती आणि ती माझ्याकडेच बघत होती, की तिला ती मिटता येत नव्हती, मला कळलं नाही.

डॉक्टर पेटीचं झाकण लावत होती.

मी म्हटलं, "ती कुपीही तिलाच दे, मुली. त्या बरणीतलं मी चाखलंच नव्हतं."